कापूसपट्ट्यातील वाकळ : बुलढाणा जिल्ह्यातील गोधडी शिवणाऱ्या स्त्रीच्या दैनंदिन जीवनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वऱ्हाडातील कापसाचा इतिहास आजवर प्रामुख्याने बाजारपेठ, रेल्वे, सावकारी आणि शेतसारा या अंगांनी लिहिला गेला आहे. बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलायचे तर त्या इतिहासाच्या मध्यभागी खामगावची पेठ उभी असते. कापूस पिकवणारा शेतकरी, तो विकत घेणारा अडत्या, गाठी बांधणारा कारखाना आणि त्या मुंबईमार्गे विलायतेस पाठवणारी कंपनी एवढी पात्रे त्यात येतात. याच कापसाच्या प्रदेशात घरोघरी जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून त्यांची वाकळ शिवणारी स्त्री मात्र या इतिहासात आढळत नाही. तिचे काम विकले जात नव्हते, त्यावर कर नव्हता आणि त्याची मोजदादही होत नव्हती. ऐतिहासिक साधने जेथे कर, बाजार आणि मोजदाद यांतूनच निर्माण होतात, तेथे असे काम अदृश्य राहणे स्वाभाविकच होय.

प्रस्तुत लेखात या स्त्रीचे दैनंदिन जीवन, तिचे नवे काम हाती घेण्याचे दिवस, लेकी-सुनांचे येणेजाणे आणि घरातील जनावरांशी तिच्या कामाचा असलेला संबंध यांचा विचार केला आहे. वाकळ ही भावनिक आठवणींची वस्तू म्हणून अलीकडे बरीच गौरवली जाते. त्या गौरवात ती शिवणारीचे श्रम पुन्हा एकदा झाकले जातात. म्हणून येथे भर श्रमावर आणि कापडावर आहे.

शब्द आणि वस्तू

संस्कृतमध्ये चिंध्यांच्या पांघरुणास ‘कंथा’ म्हणतात. हा शब्द बंगालमध्ये ‘काँथा’ म्हणून आणि हिंदी प्रदेशात ‘कथरी’ म्हणून जिवंत आहे. मराठीत गोधडी आणि वाकळ हे दोन शब्द अधिक रुळले. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होत असल्याने जुन्या माणसांच्या तोंडी ‘वाकय’ असेही रूप ऐकू येते. लहान मुलासाठीचे ते दुपटे, चार पदरांची ती चौघडी. लेप, रजई आणि दुलई हे शब्द मात्र वेगळ्या वस्तूंचे आहेत. त्यांत पिंजलेला कापूस भरलेला असतो. गोधडीत कापूस भरलेला नसतो, तिच्यात कापडाचेच थर असतात. हा भेद वरवर किरकोळ वाटतो, परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

चिंध्या जोडून वस्त्र करण्याला या भूमीत एक वैराग्याची परंपराही आहे. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवलेले असे, आणि टाकून दिलेल्या चिंध्यांच्या वस्त्रास पांसुकूल असे नाव होते. विसाव्या शतकात वऱ्हाडातच जन्मलेल्या गाडगेबाबांना (१८७६–१९५६) त्यांच्या चिंध्यांच्या अंगरख्यामुळे लोक ‘गोधडे महाराज’, ‘चिंधेबुवा’ म्हणत. संन्याशाने चिंधी पांघरली की ती तत्त्व होते. कुणब्याच्या किंवा मजुराच्या घरातील बाईने तीच चिंधी शिवली तर तिला काटकसर म्हणतात. इतिहासाने पहिलीची नोंद ठेवली, दुसरीची ठेवली नाही.

कापूस दारात, चिंध्या घरात

१८५३ च्या करारानुसार निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. त्याची भरपाई करण्यासाठी ज्या प्रदेशांकडे लक्ष वळले त्यांत वऱ्हाड अग्रभागी होते. १८६४ मध्ये मेहकर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १८६७ मध्ये त्याचे ठाणे बुलढाण्यास आले. त्याच वर्षी भुसावळहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाववरून पुढे नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही शाखा सुरू झाली व तिच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावी उपस्थित राहिला. (खामगाव आणि जळगाव हे तालुके त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते. ते १९०५ मध्ये बुलढाण्यास जोडले गेले.) एका तालुक्याच्या गावी आठ मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून कापसाचे साम्राज्याच्या लेखी काय मोल होते हे स्पष्ट होते.

मध्यप्रांत व वऱ्हाडचा कॉटन कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नॅक याची त्या काळातील भूमिका अभ्यासकांनी वारंवार पुढे आणली आहे. इंग्लंडचे स्वस्त कापड येथे आले तर स्थानिक विणकर मागे पडतील आणि ते हात शेतीकडे वळून कापसाची लागवड वाढेल, असा त्याचा एकूण विचार होता. लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ (१९९७) या ग्रंथात आणि स्वेन बेकर्ट यांनी ‘एम्पायर ऑफ कॉटन’ (२०१४) या ग्रंथात या धोरणाची चिकित्सा केली आहे. मेहकरच्या मोमीन विणकरांची जुनी संपन्नता एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरकारांनाही सांगावीशी वाटली होती. ती संपन्नता त्यांनी भूतकाळात सांगितली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या धोरणाचा शेवट घरातील अंथरुणापर्यंत कसा पोहोचतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कापूस हे नगदी पीक झाले म्हणजे तो घरात ठेवण्याची वस्तू राहिली नाही. सारा रोखीने भरायचा, सावकाराचा हप्ता रोखीने द्यायचा, म्हणून शेतातून निघालेला कापूस गाडीत भरला जाई आणि थेट पेठेत उतरे. पऱ्हाटीच्या ओळीतून दिवसभर वाकून, कमरेच्या ओटीत बोंडे जमा करणारी स्त्री रात्री ज्यावर निजे त्या अंथरुणात नवा कापूस नसे. त्यात असे जुने लुगडे, फाटके धोतर, विटलेला पटका. कापसाच्या जिल्ह्यात कापसाविना शिवलेले हे अंथरूण त्या अर्थव्यवस्थेचा सर्वांत साधा आणि सर्वांत विश्वासार्ह पुरावा मानावा लागेल.

तथापि दारिद्र्य हे एकच कारण देऊन थांबणे योग्य ठरणार नाही. कापूस भरलेली गादी वा रजई धुता येत नाही. ओली झाली की कापसाचे गोळे होतात आणि ती उसवून पुन्हा पिंजावी लागते. वाकळ मात्र नदीवर नेऊन, दगडावर आपटून धुता येते आणि एका कडक उन्हात वाळते. धुळीच्या मातीच्या घरात, लहान मुले आणि जनावरे यांच्या सहवासात, हा गुण मोठा होता. घटस्थापनेपूर्वी घर सारवून सर्व अंथरूण-पांघरूण धुण्याची प्रथा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सर्वदूर आहे. ती पाळणे वाकळेमुळेच शक्य झाले. म्हणजे वाकळ ही निरुपायाची वस्तू होती, तशीच ती विचारपूर्वक केलेली निवडही होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

काम हाती घेण्याचे दिवस

वाकळ केव्हा शिवायची हे शेतीच्या पंचांगावर ठरे. मृगाच्या पेरणीपासून निंदण, डवरणी, मग ज्वारी-मुगाची काढणी आणि दिवाळीच्या सुमारास सुरू होणारी कापूस वेचणी, या सर्व काळात स्त्रियांना दुपार मोकळी मिळत नसे. शेवटची वेचणी उरकून पऱ्हाट्या उपटून सरपणास रचल्या म्हणजे फाल्गुन ते वैशाख हे तीन महिने हाताशी येत. याच दिवसांत पापड, कुरडया, शेवया आणि वाकळा ही चारही कामे केली जात. पहिली तीन उन्हाची आणि सकाळची कामे, वाकळ दुपारच्या सावलीची.

जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा, देऊळगावराजा, लोणार हा घाटावरचा भाग, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्यातील घाटाखालचा. घाटावर थंडी अधिक. तिथे पाच-सहा पदरांची जड वाकळ लागे. घाटाखालच्या उन्हाळ्यात तीच वाकळ पांघरण्यापेक्षा अंथरण्याच्या कामी अधिक येई.

कामाची पद्धती साधी असली तरी तिच्यात चुकीला वाव कमी. आधी वर्षभर साठवलेले गाठोडे सोडायचे. त्यातून काठ, शिवणी, गुंड्या काढून कापड सपाट करायचे. ज्या भागाला अजून बळ आहे तो वरच्या आणि खालच्या पदरासाठी राखायचा, विरलेला भाग आत घालायचा. सारवलेल्या जमिनीवर खालचा पदर अंथरून चारही कोपऱ्यांवर दगड किंवा पाटा-वरवंटा ठेवला जाई, कारण पदर सरकला तर वाकळेला कायमची वळी पडते. मग एकावर एक थर, हाताने सुरकुती मोडत. सगळे पदर बसल्यावर कडेने लांब कच्चे टाके, आणि नंतर खरे काम. धावदोऱ्याचे टाके कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन असे आत आत जात मध्यावर संपतात. शिवणारी वाकळेवरच बसते आणि काम पुढे जाईल तशी सरकत जाते. ओळीतील अंतर बोटाने मोजले जाई. दाट टाक्याची वाकळ अधिक टिके, पण ती कडक होई. मऊपणा आणि टिकाऊपणा यांचा मेळ कुठे घालायचा हे प्रत्येकीच्या हातावर असे, आणि गावात ‘अमकीचा हात’ म्हणून तो ओळखलाही जाई.

दोरा विकत आणणे ही फार पुढची गोष्ट. जुन्या लुगड्याच्या काठातून धागे ओढून, त्यांना पीळ देऊन दोरा केला जाई. रिळाचा दोरा आल्यावर लाल, पिवळा, हिरवा असे रंग वाकळेवर उमटू लागले. मध्यभागी तुळस, सूर्य, कोयरी काढण्याची हौसही होती. परंतु रोजच्या वाकळेत ती क्वचित दिसे. हौशीची वाकळ पाहुण्यांसाठी किंवा रुखवतात मांडण्यासाठी असे. आज संग्राहकांकडे आणि सचित्र ग्रंथांत येते ती प्रामुख्याने हीच. रोजच्या वाकळा वापरून संपल्या, त्यामुळे उपलब्ध नमुन्यांवरून या कलेची कल्पना करताना अभ्यासकाने सावध राहणे आवश्यक ठरते.

लेकीचे येणे

एकटीने मोठी वाकळ शिवणे कठीण. समोरासमोर दोघी बसल्या तर पदर ताणलेले राहतात आणि काम निम्म्या दिवसांत उरकते. म्हणूनच वाकळेचा हंगाम आणि लेकीच्या माहेरपणाचा हंगाम यांचा मेळ बसला. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, सासुरवाशिणी माहेरी येत. घाटाखालच्या खानदेशालगतच्या गावांत या सणाचे महत्त्व दिवाळीच्या तोडीचे. लेक येताना सासरची एखाद-दोन जुनी लुगडी घेऊन येई. आईच्या गाठोड्यात ती मिसळली जात. जाताना तिच्या बैलगाडीत नवी वाकळ असे. दोन घरांचे कापड एका शिवणीत येण्याचा हा व्यवहार कोणत्याही वहीत मांडला गेला नाही, पण वर्षानुवर्षे चालत राहिला.

पहिल्या बाळंतपणाच्या वेळी तर हे काम सक्तीचेच. पहिलटकरीण माहेरी आली की दुपटी, कुंची, टोपडे यांची तयारी सुरू होई. तान्ह्या मुलाच्या दुपट्यासाठी नवे कापड टाळले जाई. त्यामागे नवे कापड बाळास चालत नाही अशी समजूत होती. तसेच अनेकदा धुतलेले सुती कापड कोवळ्या त्वचेस बोचत नाही हा अनुभवही होता. आजीच्या लुगड्याचे दुपटे नातवंडाला मिळावे ही इच्छा याच व्यवहारात रुजली. घरातील वडीलधारे माणूस गेल्यानंतर त्याचे उरलेले धोतर वा पटका पुढच्या वाकळेत घातला जाई. त्यावर फारशी चर्चा होत नसे.

या बैठकीत काय बोलले जाई याची नोंद जवळजवळ नाही. जात्यावरच्या ओव्यांचे नशीब या बाबतीत बरे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. दळताना गाणे होते, म्हणून दळणारीचा आवाज टिकला. वाकळ शिवताना दोरा दातात धरावा लागतो आणि नजर टाक्यावर ठेवावी लागते. त्या कामाला स्वतःचे गाणे फारसे नाही. दळणे इतिहासात आले आणि शिवणे बाहेर राहिले, याचे एक कारण इतके साधे असू शकते.

ज्या घरात हात अपुरे असत तिथे शेजारीण येई, आणि तिचे देणे पुढच्या आठवड्यात तिच्या ओसरीवर जाऊन फेडले जाई. मजुरीने वाकळ शिवून देणाऱ्या स्त्रियाही होत्या. त्यांत भूमिहीन घरांतील विधवा, वयस्क स्त्रिया आणि गावोगाव फिरणाऱ्या समाजांतील स्त्रिया अधिक. त्यांना मोबदला धान्यात मिळे. घरच्या बाईने शिवली तर ते काम नव्हे आणि मजूर बाईने शिवली तर पायलीभर ज्वारीचे काम, अशी ही विभागणी होती.

गोठा, मांजर आणि वाकळेचे उत्तरायुष्य

वाकळेचा आणि जनावरांचा संबंध केवळ गमतीचा नाही. वाकळ अंथरून कामाला बसले की घरातील मांजर नेमके मध्यावर येऊन बसते. ओल्या दिवसांत कुत्रे ओसरीवरच्या घडीत शिरते आणि कोंबड्या तर धुऊन वाळत घातलेल्या वाकळेवरून फिरल्याशिवाय राहत नाहीत. ही सर्व त्या स्त्रीच्या दिवसातील नित्याची मंडळी. मांजराला हाकलावे तर ते पुन्हा येते, म्हणून पुष्कळदा त्याला कडेला एक चिंधी अंथरून दिली जाई. उंदरांपासून गाठोडे राखायचे तर मांजर घरात हवेच. उंदराने कुरतडलेले लुगडे वाकळेच्याही कामाचे राहत नाही.

वाकळेचे आयुष्य एका ठरावीक उतरणीने जाई. नवी असताना ती घडी करून पेटीवर ठेवली जाई आणि पाहुणा आला की खाली येई. दोन-तीन वर्षांनी ती घरच्यांच्या अंगावर येई, मग मुलांच्या अंथरुणात, मग जमिनीवरच्या बैठकीला. काही वेळा जुन्या वाकळेच्या दोन्ही बाजूंना नवे पदर लावून तिलाच पुन्हा जन्म दिला जाई. शेवटी ती घरातून गोठ्यात जाई. बैलगाडीच्या साटीवर बसायला, बैलाच्या पाठीवर झुलीखाली, थंडीत व्यालेल्या गाईच्या वासरावर पांघरायला. पोळ्याला बैलावर चढणारी नक्षीची झूल आणि गोठ्यातली वाकळ यांचे शिवणतंत्र बहुधा एकच आणि शिवणारे हातही एकाच घरचे. घोड्याच्या खोगिरात चिंध्या कोंबत, त्यावरून मराठीत ‘खोगीरभरती’ हा शब्द निरर्थक भर या अर्थाने आला. वाकळेच्या बाबतीत हा शब्द अन्यायाचा ठरेल. तिच्या आतला प्रत्येक पदर पारखून घातलेला असे.

पदरांतील कापडाचा इतिहास

जुनी वाकळ उसवली वा फाटलेल्या जागी पाहिली तर तिच्या पदरांत कापडाचे वेगवेगळे काळ सापडतात. हातमागाचे जाडेभरडे लुगडे, त्यावर गिरणीचे पातळ, मधे खादीची बंडी, वर छापील कापड. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि गिरणीचे देशी कापड वऱ्हाडाच्या बाजारात येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ मध्ये सरकारने कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम काढला आणि कापड रेशनवर गेले. अशा काळात जुने कापड वाकळेकडे जाण्याऐवजी पुन्हा अंगावरच येते. ठिगळावर ठिगळ लागते, आणि वाकळेच्या गाठोड्यात येणारे कापड अगदी जाळीदार झालेले असते. १८९९–१९०० चा छपन्नचा दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ यांनाही हेच लागू पडते. वाकळेची संख्या ही समृद्धीची खूण आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. ज्या घरात कपडा अंगावर फाटून संपतो त्या घरात वाकळेलाही कापड उरत नाही.

जुन्या कपड्यांवर दुसराही एक हक्क सांगणारी होती, ती म्हणजे बोहारीण. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण दारात आली की घरातील स्त्रीला हिशेब करावा लागे. चार लुगड्यांचे पातेले घ्यायचे की त्यांची वाकळ करायची? हा निर्णय ती स्वतः घेत असे. कापूस कुठे आणि कोणत्या भावाने विकायचा हे ठरवताना तिला विचारले जाई असे क्वचितच आढळेल. चिंध्यांच्या बाबतीत मात्र सर्वाधिकार तिचाच होता.

ज्या अमेरिकेतील युद्धाने वऱ्हाडात कापसाची तेजी आली, त्याच अमेरिकेच्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर राबलेल्या गुलामांचे वंशज तेथे राहतात. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतावर झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून पिढ्यान्पिढ्या गोधड्या शिवल्या. १९६६ मध्ये त्या परिसरातील स्त्रियांची ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभी राहिली. २००२ मध्ये ह्यूस्टन येथे आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले आणि प्रत्येक गोधडीखाली शिवणारीचे नाव लिहिले गेले. एकाच पिकाने जोडलेल्या दोन प्रदेशांत कापूस वेचणाऱ्या हातांनी चिंध्यांचे अंथरूण करावे, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. फरक आहे तो नावांचा. महाराष्ट्राच्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांचा ग्रंथ २०१३ मध्ये आला आणि या वस्तूकडे देशाबाहेरही लक्ष गेले. बुलढाण्यातील गावागावांत शिवणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र अजूनही त्यांच्या नातवंडांच्या आठवणीपुरतीच आहेत.

पिंजारी नोंदला गेला, शिवणारी नाही

वसाहतकालीन नोंदींची चौकट पाहिली तर हे का घडले ते कळते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ मधील जाती-जमातींच्या ग्रंथात बहना म्हणजेच पिंजारा यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. धनुकलीने कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारा हा समाज. व्यवसाय पुरुषाचा, जात ठरलेली, मोबदला रोख, म्हणून त्याला नोंदवहीत जागा मिळाली. वाकळ शिवणे ही कोणत्याही एका जातीची मिरास नव्हती. कुणबी, माळी, मराठा, महार, धनगर, बंजारा, मुसलमान अशा सर्व घरांत ती होती. जे काम सर्वच स्त्रिया करतात ते कोणाचेच नाही असे गणनेत धरले गेले. १८७० चे लायलकृत वऱ्हाड गॅझेटियर काय किंवा त्यानंतरचे जिल्हा गॅझेटियर काय, त्यांची प्रकरणेच पीक, व्यापार, उद्योग, महसूल अशी पाडलेली असल्याने घरात होऊन घरातच संपणाऱ्या उत्पादनाला त्यांत खाना नव्हता.

स्वातंत्र्यानंतरही हा खाना फारसा निर्माण झाला नाही. जनगणनेत ‘घरकाम’ करणारी स्त्री अ-कामकरी गटात धरली जाते. १९९८–९९ मध्ये देशात कालवापराची प्रायोगिक पाहणी झाली, पण तिच्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पहिली राष्ट्रव्यापी पाहणी २०१९ मध्ये झाली, आणि तोवर पुष्कळ घरांतील वाकळेची दुपार संपत आली होती.

अलीकडील बदल

बदलाची सुरुवात कापडापासून झाली. १९८० नंतरच्या काळात नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या खेड्यातील बाजारात स्वस्त झाल्या. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानेही कृत्रिम धाग्याला अनुकूलता दाखवली. या साड्या फाटत नाहीत, म्हणून विरून मऊही होत नाहीत. पदर एकमेकांवरून घसरतात, सुईला दाद देत नाहीत आणि घाम शोषत नाहीत. वाकळेसाठी कापड मुबलक झाले, पण ते वाकळेचे राहिले नाही. शिवणयंत्रावर अशा साड्यांच्या गोधड्या होतात, दिसायलाही चकचकीत असतात. परंतु उन्हाळ्यात त्यांवर निजणे कठीण, हे कोणीही वापरणारा सांगेल.

शेतीही बदलली. घाटावरच्या तालुक्यांत कापसाच्या जागी सोयाबीन आले. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांचा समावेश झाला त्यांत बुलढाणा होता. अशा घरांत मागे राहिलेल्या स्त्रीचा दिवस मजुरी, शेत आणि कर्जाचे कागद यांत जातो. फाल्गुनातली मोकळी दुपार तिच्या वाट्यास येत नाही. महिला बचत गटांतून गोधडीशिवण हे उत्पन्नाचे साधन व्हावे असे प्रयत्न ठिकठिकाणी झाले आहेत आणि शहरात हाताने शिवलेल्या सुती गोधडीला चांगली किंमतही मिळते. त्यातील अडचण अशी की शहरी ग्राहकाला नवे, एकसारख्या रंगाचे कापड हवे असते. ते विकत आणावे लागते आणि त्यासाठी भांडवल लागते. जुन्या लुगड्यावर शिवणारीचा जो अधिकार होता तो विकतच्या कापडावर राहत नाही, नमुना आणि किंमत दोन्ही दुसरेच कोणी ठरवते. तरीही प्रथमच या कामाचे पैसे तिच्या नावावर जमा होतात, आणि हा फरक लहान नाही.

खेड्यातील घरांत वाकळेची जागा आज मुख्यतः आठवडी बाजारातील ब्लँकेटने घेतली आहे. स्वस्त ब्लँकेटचा मोठा पुरवठा हरियाणातील पानिपतहून होतो. तेथे युरोप-अमेरिकेतून आलेले वापरून टाकलेले कपडे यंत्रात फाडून, त्यांचा पुन्हा धागा करून ब्लँकेटे विणली जातात. म्हणजे पांघरूण अजूनही जुन्या कपड्यांचेच आहे, मात्र ते कपडे कोणाचे हे पांघरणाऱ्याला ठाऊक नसते. मेहकर किंवा संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या घरात अंगावर असे ब्लँकेट असते आणि त्याच घराच्या गोठ्यात, वासराच्या अंगावर, आजीच्या हातची शेवटची वाकळ असते. तिच्या कडेचे टाके अजून शाबूत असतात. मधले चौकोन आधी उसवतात.